मेम्फिसची तबकडी, भिवंडीची कॅसेट

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील मेम्फिस आणि ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या दोन शहरांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे सहसा कुणाच्या मनात येणार नाही. एक कापसाची जुनी पेठ, दुसरे यंत्रमागांचे गाव; पोटासाठी बाहेरून आलेल्यांनी दोन्ही शहरे भरली, एवढेच काय ते वरवरचे साम्य. तथापि लोकप्रिय संगीताचा इतिहास पाहिला तर दोन्हीकडे एकच गोष्ट घडलेली दिसते. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांना ज्या गाण्यात बाजार दिसला नाही, ते गाणे आसपासच्या छोट्या कंपन्यांनी मुद्रित केले, स्वस्तात विकले आणि थोड्याच काळात मोठ्यांना त्याची दखल घ्यावी लागली. पुढचा प्रवास मात्र वेगळा झाला. मेम्फिसच्या त्या तबकड्या आज नव्याने स्वच्छ करून, माहितीपुस्तिकेसह जगभर विकल्या जातात. भिवंडी, कल्याण, ठाणे, पनवेल या पट्ट्यात घरोघरी वाजलेल्या कॅसेटपैकी कितीतरी पोटमाळ्यावर आणि भंगाराच्या गोणीत पडून आहेत. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी आधी मेम्फिसची हकिगत पाहावी लागेल.

अठरा वर्षांचा मुलगा आणि दोन टेपरेकॉर्डर

सॅम फिलिप्स या तरुणाने जानेवारी १९५० मध्ये मेम्फिसच्या युनियन अॅव्हेन्यूवर ७०६ क्रमांकाच्या जागेत एक लहानसा स्टुडिओ थाटला. लग्नसमारंभ, भाषणे, कुणाची हौस, जे येईल ते पैसे घेऊन मुद्रित करून देणे हा त्याचा सुरुवातीचा व्यवसाय. त्याचबरोबर तो शहरातील कृष्णवर्णीय गायक-वादकांनाही मुद्रित करू लागला. १९५१ च्या मार्चमध्ये येथे झालेले 'रॉकेट ८८' हे गाणे शिकागोच्या चेस या कंपनीने बाजारात आणले. अनेक अभ्यासक त्याला पहिल्या रॉक अँड रोल मुद्रिकांपैकी एक मानतात. १९५२ मध्ये फिलिप्सने 'सन' नावाची स्वतःचीच कंपनी काढली.

१९५३ च्या उन्हाळ्यात अठरा वर्षांचा एल्विस प्रेस्ली या स्टुडिओत आला तो स्वतःच्या खर्चाने स्वतःचे गाणे मुद्रित करून घेण्यासाठी. वर्षभराने, ५ जुलै १९५४ रोजी, गिटारवादक स्कॉटी मूर आणि बासवादक बिल ब्लॅक यांच्याबरोबर त्याने 'दॅट्स ऑल राइट' हे गाणे गायिले. ते मूळचे आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचे, १९४० च्या दशकातले. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला गोऱ्या ग्रामीण श्रोत्यांचे एक जुने आवडते गाणे होते. ज्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत शाळा, बस आणि उपाहारगृहेसुद्धा वर्णानुसार वेगळी होती, त्या काळी एकाच तबकडीच्या दोन बाजूंवर दोन्ही वस्त्यांचे संगीत यावे, ही साधी गोष्ट नव्हती. या मिश्रणाला पुढे 'रॉकबिली' हे नाव पडले. 'रॉक' आणि 'हिलबिली' यांचा हा जोडशब्द. हिलबिली म्हणजे डोंगराळ भागातला गावंढळ माणूस. शहरी लोकांनी हिणवण्यासाठी वापरलेला हा शब्द त्या संगीताच्या नावातच जाऊन बसला.

या गाण्यांचा नादही परिस्थितीतून घडला. त्या पहिल्या मुद्रणात ड्रम नव्हता. बासच्या तारा ओढून लाकडी पट्टीवर आपटल्या की जो टणत्कार उठतो, त्यानेच तालाची उणीव भरून काढली. फिलिप्सने दोन टेपरेकॉर्डर जोडून आवाजाची एक प्रत क्षणभर उशिराने मूळ आवाजात मिसळली. त्यामुळे लहानशा खोलीत गायिलेले गाणे मोठ्या दिवाणखान्यातून आल्यासारखे घुमू लागले. आज लाखो रुपयांच्या यंत्रणेने जो परिणाम साधण्याचा प्रयत्न होतो, तो मुळात काटकसरीतून आलेला आहे.

सनवरूनच कार्ल पर्किन्स, जॉनी कॅश आणि जेरी ली लुईस हे गायक पुढे आले. पर्किन्स आणि कॅश या दोघांचेही बालपण कापसाच्या शेतात वेचणी करण्यात गेले होते. नोव्हेंबर १९५५ मध्ये फिलिप्सने एल्विसचा करार आर. सी. ए. या बलाढ्य कंपनीला ३५ हजार डॉलरला विकला आणि त्या पैशांवर छोट्या कंपनीचा गाडा पुढे रेटला. दुसरीकडे, ज्याच्या गाण्याने ही सुरुवात झाली त्या क्रुडपला स्वामित्वधनासाठी आयुष्यभर झगडावे लागले आणि १९७४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच्या हाती फारसे काही लागले नाही. छोट्या कंपन्यांची कहाणी सांगताना हा भाग गाळून चालणार नाही.

मोठ्यांना जे दिसत नाही

अशी गाणी मोठ्या कंपन्यांच्या हातून का सुटतात? त्यांच्या अधिकाऱ्यांना कान नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रश्न हिशेबाचा आहे. देशभर विक्रीचे जाळे सांभाळणाऱ्या कंपनीला एखादी मुद्रिका परवडण्यासाठी ती देशभर खपावी लागते. एका जिल्ह्याच्या बोलीतले, एका समाजाच्या लग्नात वाजणारे गाणे तिच्या दृष्टीने तोट्याचेच. छोट्या कंपनीचा मालक मात्र गिऱ्हाईक ओळखतो. काही शे किंवा काही हजार प्रती खपल्या की त्याचा खर्च निघतो आणि माल मोटारीत घालून तो स्वतःच दुकानोदुकानी पोचवू शकतो. टेक्सासमध्ये १९५२ च्या सुमारास निघालेल्या 'स्टारडे' या कंपनीने तर याहून पुढे जाऊन गायकाकडूनच पैसे घेऊन त्याच्या नावाची तबकडी काढून देण्याचा उद्योग केला. गायकाने मुद्रित फीत पाठवायची, कंपनीने मोजक्या प्रती दाबून द्यायच्या आणि कार्यक्रमाच्या ठिकाणी गायकाने त्या विकायच्या. आज रॉकबिलीच्या संग्राहकांना ज्या तबकड्यांसाठी मोठी किंमत मोजावी लागते, त्यांतल्या कित्येक अशाच निघालेल्या आहेत.

हे शक्य झाले ते चुंबकीय फितीमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन टेपरेकॉर्डरचे तंत्र अमेरिकेत पोचले, १९४८ पासून तेथे अँपेक्सची यंत्रे मिळू लागली आणि ध्वनिमुद्रण मोठ्या कंपनीच्या ताब्यातून सुटले. गाण्याचा बाजार बदलण्याआधी बहुधा यंत्राची किंमत बदललेली असते. भारतात नेमके हेच घडले, पण पंचवीस-तीस वर्षे उशिरा.

वडाळ्याची 'यंग इंडिया'

भारतातील पहिली ध्वनिमुद्रणे १९०२ मध्ये कोलकात्यात झाली आणि त्यानंतर सुमारे सात दशके या व्यवसायावर ग्रामोफोन कंपनीचे, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या एच. एम. व्ही.चे वर्चस्व राहिले. तिला आव्हान देणारे झालेच नाहीत असे नाही. मुंबईत वडाळ्याला नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३५ मध्ये 'यंग इंडिया' या छापाच्या ध्वनिमुद्रिका काढण्यास सुरुवात केली. मोठ्या नावांच्या मागे न लागता या कंपनीने नवखे, हौशी आणि कित्येकदा अगदी कोवळ्या वयाचे कलावंत मुद्रित केले. शास्त्रीय, चित्रपटीय, लोकसंगीत, धार्मिक, शैक्षणिक असा सर्व तऱ्हेचा माल तिने काढला. ज्यांना स्वतःच्या नावाचा छाप हवा होता त्यांना तिने साधने आणि ज्ञानही पुरवले. टेक्सासच्या त्या कंपनीच्या किती तरी आधी वडाळ्यात हे चालले होते. १९५५ मध्ये उत्पादन थांबले. एल्विसचा करार मेम्फिसमध्ये विकला गेला तेच हे वर्ष.

खुद्द रॉक अँड रोल मुंबईत आले ते मात्र छोट्या कंपन्यांच्या वाटेने आले नाही. ते चित्रपटातून आले. नगर जिल्ह्यातील पुणतांब्यात जन्मलेले सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, यांनी १९५७ च्या 'आशा' चित्रपटात 'ईना मीना डीका' देऊन हा ठेका घराघरात पोचवला. तालमी गोमंतकीय वादकांच्या आणि मुद्रिका मोठ्या कंपनीची, असा हा वरून खाली आलेला रॉक अँड रोल होता. रॉकबिलीसारखे खालून वर येणारे संगीत शोधायचे तर ते इंग्रजी गिटारच्या आसपास सापडत नाही. त्यासाठी १९८० च्या दशकातल्या भिवंडीच्या रस्त्यावर यावे लागते.

फीत आली आणि मक्तेदारी गेली

कॅसेटचा शोध फिलिप्स या डच कंपनीचा, १९६३ चा. (मेम्फिसच्या सॅम फिलिप्सशी तिचा संबंध नाही.) भारतात ती सर्वसामान्यांच्या हाती आली ती १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, आखातात नोकरीला गेलेल्या माणसांनी आणलेल्या जपानी 'टू-इन-वन'मधून. कोकण आणि ठाणे जिल्ह्यातून आखातात गेलेल्यांची संख्या लक्षात घेता येथे तो डबा लवकर पोचला, यात नवल नाही. त्यानंतर आयातीचे नियम सैल झाले, देशातच फीत आणि यंत्रे तयार होऊ लागली आणि १९८३ मध्ये सुपर कॅसेट्स, म्हणजे टी-सीरिज, ही कंपनी उभी राहिली. ग्रामोफोनची तबकडी दाबायला कारखाना लागतो. कॅसेटच्या प्रती काढायला एका खोलीत मावणारी यंत्रे पुरतात. परिणामी दशकभरात देशात शेकडो लहानमोठ्या कॅसेट कंपन्या निघाल्या. अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या 'कॅसेट कल्चर' या ग्रंथात उत्तर भारतातील या घडामोडीचा तपशीलवार अभ्यास मांडला आहे.

भिवंडीला या लाटेत स्वतःचे असे स्थान होते. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतील कापडधंद्याचा मोठा हिस्सा येथील यंत्रमागांकडे वळला. पूर्व उत्तर प्रदेशातील विणकर पिढ्यान्पिढ्या येथे होतेच, तेलंगणातून आलेले पद्मशाली होते, कोकणी मुसलमान होते आणि शहराला वेढून आगरी-कोळ्यांची गावे होती. प्रत्येकाचे गाणे वेगळे. बिरहा आणि भोजपुरी गीते, कव्वाली, तेलुगू गाणी, भीमगीते, कोळीगीते आणि देवीची गाणी, एवढा ऐवज एका गावाच्या पेठेत खपण्याजोगा होता. वज्रेश्वरीची जत्रा, दर्ग्यांचे उरूस, गणपती-नवरात्र आणि आंबेडकर जयंती ही त्याच्या विक्रीची ठिकाणे होती. मेम्फिसला जे काम उपाहारगृहातील नाणे टाकून वाजवायच्या पेटीने केले, ते येथे चहाच्या टपरीने आणि रिक्षातील डेकने केले.

या सर्वांत रॉकबिलीच्या सर्वाधिक जवळ जाते ते आगरी-कोळी गाणे. आगरी समाजात लग्नविधी गाण्यांतून पार पाडणाऱ्या धवलारणी असत. त्यांची धवळे ही मौखिक परंपरा. कोळीगीतांना चित्रपटाबाहेर मान मिळवून देण्यात विठ्ठल उमप (१९३१-२०१०) यांच्यासारख्या शाहिरांचा मोठा वाटा आहे, आणि भावगीतकारांनीही कोळीगीते लिहिली. तरी ती शहरी कानांसाठी घासूनपुसून घेतलेली होती. कॅसेटवर जे आले ते हळदीच्या मांडवातले गाणे होते. बोली तीच, थट्टा तीच, ताल अंगात येईल असा.

त्यातल्या 'बेंजो' या वाद्याची हकिगत ऐकण्यासारखी आहे. नाव अमेरिकन, पण वाद्य जपानचे. नागोया शहरात १९१२ मध्ये गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले 'ताइशोगोतो' हे तंतुवाद्य तयार केले. ते भारतात येऊन बुलबुलतरंग झाले आणि मुंबई-ठाण्याच्या मिरवणुकांत विजेच्या कर्ण्याला जोडले गेल्यावर बेंजो. कर्णकटू, झगझगीत, लांबून ऐकू येणारा असा त्याचा आवाज असतो. सुशिक्षित घरांत त्याला नाके मुरडली जातात. मेम्फिसच्या भद्र वस्तीत विजेच्या गिटारबद्दल १९५४ साली याहून वेगळे बोलले जात नव्हते. त्याच्या जोडीला संबळ, ढोलकी, पुढे ऑक्टोपॅड आणि कॅसिओ आले. आणि गायकाच्या आवाजावर भरपूर 'एको', म्हणजे जवळपास तीच युक्ती, त्याच कारणासाठी. लहान खोलीत मुद्रित केलेला आवाज मैदानातला वाटायला हवा होता.

या परिसरातला सर्वांत मोठा आवाज कल्याणला स्थायिक झालेल्या प्रल्हाद शिंदे यांचा. भक्तिगीत, भीमगीत, कव्वाली, लोकगीत अशा सर्व प्रकारांत एकच भारदस्त, कातीव गळा चालविणारे हे गायक २००४ मध्ये निवर्तले. त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद शिंदे यांची गाणी कॅसेटच्या भरात, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, महाराष्ट्रभर गाजली. आनंद शिंदे यांच्या 'नवीन पोपट हा' या गाण्याने जे केले, ते कोणत्याही जाहिरातीशिवाय, रेडिओच्या फारशा मदतीविना, केवळ कॅसेटच्या फिरण्याने झाले. भीमगीतांची गोष्ट तर अधिक लक्षणीय आहे. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आणि नागपूरला दीक्षाभूमीवर कॅसेटचे ठेले लागत आणि गावोगावचे अनुयायी त्या घेऊन परतत. आकाशवाणीवर अथवा मोठ्या कंपन्यांच्या यादीत ज्या शब्दांना क्वचितच स्थान मिळाले असते, ते शब्द असे देशोदेशी पोचले. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांना १९४९ पर्यंत व्यापारी पत्रे 'रेस' म्हणजे वंशाच्या नावाने वेगळे काढीत असत, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

या कॅसेटवर हिंदी चित्रपटांच्या चालीवर बेतलेली गाणी पुष्कळ असत, याबद्दल नेहमी तक्रार होते. त्यामागे आळस होता तसा कायदाही होता. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार मूळ मुद्रण निघाल्यानंतर पूर्वसूचना आणि स्वामित्वधन देऊन कुणालाही त्याची नवी आवृत्ती मुद्रित करता येत असे. (२०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पाच वर्षे थांबावे लागते.) गायकांच्या वाट्याला मात्र येथेही सर्रास एकरकमी मानधनच आले. प्रती किती निघाल्या, याचा हिशेब त्यांच्यापर्यंत पोचण्याची पद्धत नव्हती.

कोण जपणार?

अमेरिकेत रॉकबिली १९६० च्या आसपास ओसरले आणि तबकड्या जुन्या बाजारात गेल्या. त्यांना तेथून बाहेर काढले ते बहुतांशी युरोपातील संग्राहकांनी. जर्मनीत १९७५ मध्ये सुरू झालेल्या 'बेअर फॅमिली' या कंपनीने मूळ फिती शोधून, कोणत्या दिवशी कोणी काय वाजवले याच्या नोंदींसह जाडजूड संच काढले. युरोपातील कायद्याचीही त्यांना मदत झाली. तेथे ध्वनिमुद्रणाचे संरक्षण ५० वर्षांचे होते, त्यामुळे १९५४ ची मुद्रणे २००५ च्या १ जानेवारीपासून मुक्त झाली. पुढे २०१३ मध्ये मुदत ७० वर्षांची झाली, पण सुटलेले परत गेले नाही. उलट अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने त्याच तबकड्यांना ११० वर्षांचे संरक्षण आहे.

भारतात मुदत ६० वर्षांची आहे. त्यामुळे 'यंग इंडिया'ची सर्व ध्वनिमुद्रणे जानेवारी २०१६ पासून मुक्त झाली (गीत आणि चाल यांचा हक्क स्वतंत्र असतो आणि तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो, ही सावधगिरी बाळगावी लागते). या छापाच्या तबकड्या मुंबईच्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'शी संबंधित संग्राहकांच्या परिश्रमांतून आणि ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातील दप्तरांसाठीच्या योजनेतून संगणकावर उतरविल्या गेल्या. त्याआधी त्यांची पुन्हा विक्री कुणी केली नव्हती.

भिवंडीच्या कॅसेटना असे भाग्य लाभलेले नाही आणि त्यांची प्रकृतीही नाजूक आहे. लाखेची तबकडी पडली तर फुटते, पण फुटली नाही तर ऐंशी वर्षांनीही वाजते. कॅसेटच्या फितीवरील चुंबकीय थर हळूहळू सुटतो, कोकणातल्या चार महिन्यांच्या दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते आणि वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवलेल्या फितीवर एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. त्यातच २००० नंतर व्हीसीडी, मग एमपी-थ्री आणि मेमरी कार्डात गाणी भरून देणाऱ्या टपऱ्या आल्या. अनेक छोट्या कंपन्या बंद पडल्या आणि मूळ मास्टर फिती कोणाकडे गेल्या याची नोंद राहिली नाही. यूट्यूबवर आज आगरी-कोळी गाणी जोरात आहेत. त्यांत नवी निर्मिती पुष्कळ आहे, आणि जुनी जी आहेत ती कुणा चाहत्याने घरच्या कॅसेटवरून चढवलेली, गायक-वादकांच्या नावाशिवाय. गोदामांसाठी देशभर प्रसिद्ध झालेल्या या तालुक्यात स्वतःच्या गाण्यांसाठी एक कपाटभर जागा निघू नये, हा विरोधाभास बोचणारा आहे.

कायद्याची अडचण वेगळीच. १९८७ मध्ये निघालेल्या कॅसेटचे संरक्षण २०४७ च्या अखेरीस संपेल. तोवर ती पुन्हा काढायची तर मालकाची परवानगी हवी, आणि मालक सापडत नाही. अशा प्रसंगासाठी स्वामित्व हक्क कायद्याच्या ३१-अ कलमात वाट ठेवलेली आहे. रचनाकार हयात नसेल, अज्ञात असेल किंवा हक्कदाराचा पत्ता लागत नसेल, तर शोध घेतल्याची जाहिरात देऊन सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. मोठ्या प्रकाशकाला ही खटपट परवडेल. हळदीच्या गाण्यांच्या चाळीस कॅसेट जपू पाहणाऱ्या एखाद्या शिक्षकाला किंवा मंडळाला ती पेलणे अवघड आहे. विक्री न करता केवळ जतनासाठी प्रत करून ठेवणे त्यांना अधिक शक्य आहे.

ज्यांच्या घरी अशा कॅसेट आहेत त्यांनी एक-दोन गोष्टी पाळल्या तरी पुष्कळ टिकेल, असे या क्षेत्रातील जाणकारांचे म्हणणे असते. कॅसेट उभी ठेवावी, ध्वनिवर्धकासारख्या चुंबकीय वस्तूंपासून दूर ठेवावी, पांढरी बुरशी दिसली तर ती डेकमध्ये घालू नये, आणि बरीच वर्षे न वाजलेली फीत आधी एकदा टोकापासून टोकापर्यंत गुंडाळून घ्यावी. चांगल्या डेकमधून संगणकावर एकदाच, पूर्ण, मधे न थांबता उतरवून घ्यावी. आणि वेष्टनावरचा छापील कागद फेकू नये. ढोलकी कुणी वाजवली, कोरस कोणाचा, मुद्रण कुठे झाले, हे बहुतेक वेळा फक्त त्या कागदावरच असते.